‘मला’ची जागा

निवृत्त माणसानं काय करावं, याविषयी आमच्या कॉलनीत दोन पक्ष आहेत. एक पक्ष पहाटे उठून टेकडीवर जातो आणि दुसरा पक्ष टेकडीवर जाणाऱ्यांपैकी कोणाचा गुडघा कधी गेला याची नोंद ठेवतो. मी दोन्ही पक्षांत मोडत नाही, म्हणून फ्रेंच शिकतो, असं मी लोकांना सांगतो. लोकही ‘बरं बरं, छंद हवाच’ असं म्हणून आपापल्या गुडघ्यांकडे वळतात.

खरं कारण सात वर्षांचं आहे आणि ते लियाँला राहतं. ते म्हणजे माझी नात, मीरा. तिची आई फ्रेंच. आमचे चिरंजीव सकाळी ती उठायच्या आत कामावर जातात आणि ती झोपल्यावर घरी येतात. त्यामुळे मराठी भाषेच्या वडिलोपार्जित इस्टेटीपैकी तिच्या वाट्याला एकूण तीन शब्द आले आहेत: ‘आजोबा’, ‘वरण’ आणि ‘नको’. दर शनिवारी फोनच्या पडद्यावर ती दिसते, ‘आजोबा’ म्हणते आणि मग आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसतो. हसण्यात पाच मिनिटं जातात. सहाव्या मिनिटाला आमची ही मला बाजूला सारून फोनमध्ये डोकं घालते. तिला फ्रेंच येत नाही, पण तिचं तिच्यावाचून अडतही नाही. ती सरळ मराठीत ‘काय गं, जेवलीस का?’ असं विचारते आणि पोरीला ते कळतं. माझं तसं होत नाही. मला वाक्य लागतं. तीस वर्षं सरकारी कचेरीत काढलेल्या माणसाला कर्ता, कर्म, क्रियापद आणि खाली सही असल्याशिवाय बोलल्यासारखं वाटत नाही.

तर मी वर्गाला नाव घातलं. वर्गात आम्ही अकराजण. हॉटेल मॅनेजमेंटची चार मुलं, कॅनडातल्या क्वेबेकला जायला निघालेलं एक जोडपं, काही कॉलेजकुमारी आणि मी. शिकवणाऱ्या मॅडम पंचविशीच्या. त्या मला ‘काका’ म्हणतात, मी त्यांना ‘मॅडम’ म्हणतो आणि गृहपाठ केला नसला की दोघंही एकमेकांकडे बघत नाही.

पहिले दोन महिने सुखाचे गेले. नमस्कार-चमत्कार, आकडे, भाज्यांची नावं. तिसऱ्या महिन्यात ‘मला’ आला.

मॅडमनी फळ्यावर लिहिलं, ‘इल म व्वा’. म्हणजे ‘तो मला पाहतो’. यातला तो एकाक्षरी ‘म’ म्हणजे ‘मला’. पुढे स्वर आला की त्याचं तेवढंही अंग उरत नाही, नुसता पाय मोडलेला ‘म्’ होतो आणि पुढच्या शब्दाला लोंबकळतो. एरवी फ्रेंच माणूस कर्म क्रियापदाच्या मागून आणतो. तो ‘मी खातो आंबा’ असं म्हणतो. पण कर्म जर ‘मला’ असेल, तर ते उडी मारून क्रियापदाच्या पुढ्यात जाऊन बसतं. इंग्रजी माध्यमातल्या पोरांचे चेहरे पडले. माझा खुलला. ‘तो मला पाहतो’! अहो, हा तर आपलाच क्रम. शब्दाला शब्द. शिवाय ‘त्यानं मला पाहिलं’ आणि ‘त्यानं मला दिलं’ या दोन्ही ठिकाणी आपण एकच ‘मला’ वापरतो, तसाच फ्रेंच माणूसही एकच ‘म’ वापरतो. मुख्य कर्म, गौण कर्म असला भेद ‘मला’च्या बाबतीत तो करत नाही. मला वाटलं, आपण निम्मी भाषा जिंकली.

हा आनंद सुमारे सात मिनिटं टिकला. मॅडमनी पुढचं वाक्य लिहिलं, ‘माझ्याकडे पाहा’. ‘रगार्दे म्वा’. इथं ‘मला’ क्रियापदाच्या मागं गेला आणि नावही बदलून ‘म्वा’ झाला. मग ‘माझ्याकडे पाहू नका’. ‘न म रगार्दे पा’. इथं तो पुन्हा पुढं आला आणि पुन्हा ‘म’ झाला. मग ‘तो मला ते देतो’ : ‘इल म ल दॉन’, आधी मला, मग ते. पण ‘दे ते मला’ : ‘दॉन ल म्वा’, आधी ते, मग मला. आणि ‘नको देऊ’ म्हटलं की परत ‘न म ल दॉन पा’, आधी मला, मग ते. कचेरीत बदल्यांच्या हंगामात एखादा कारकून असा टेबलाटेबलांवरून फिरताना मी पाहिला होता. सर्वनाम पाहिलं नव्हतं. शिवाय कानाला ‘म व्वा’ आणि ‘म्वा’ यांत फरक कळेल तर शपथ.

मी हात वर केला. ‘मॅडम, असं का?’

‘काका, असंच असतं.’

आता हे वाक्य मी स्वतः तीस वर्षं लोकांना ऐकवलेलं आहे. त्यामुळे त्याचा अर्थ मला पक्का ठाऊक आहे. ‘असंच असतं’ याचा अर्थ असा की, कधीतरी, कोणीतरी, काही कारणानं एक जी.आर. काढला होता. कारण संपलं, काढणारा वारला, जी.आर. तेवढा लागू आहे. तो जुन्या दप्तरात कुठंतरी असतोच. मी दप्तर हुडकायचं ठरवलं.

सगळ्यात जुना कागद निघाला तो इसवी सन ८४२ चा, १४ फेब्रुवारीचा. (त्या तारखेला अलीकडे लोक दुसऱ्याच कारणासाठी शपथा घेतात.) प्रकरण मात्र अस्सल भाऊबंदकीचं. सम्राट शार्लमानचा मुलगा ८४० साली वारला आणि त्याच्या तीन मुलांत इस्टेटीवरून जुंपली. इस्टेट म्हणजे जवळजवळ निम्मा युरोप. थोरला लोथेर सगळं आपलंच म्हणत होता. म्हणून धाकटे दोघे एक झाले: एक जर्मन लुई आणि दुसरा टकला चार्ल्स. टकला हे मी म्हणत नाही, इतिहासात त्याचं नावच तसं आहे. दोघे आपापलं सैन्य घेऊन स्त्रासबुरला भेटले आणि एकमेकांना साथ देण्याची जाहीर शपथ घेतली. गंमत अशी की, प्रत्येकानं शपथ घेतली ती दुसऱ्याच्या सैन्याच्या भाषेत. लुईच्या माणसांची बोली जर्मन वळणाची, चार्ल्सच्या माणसांची लॅटिनची मोडतोड होऊन झालेली. म्हणून लुई त्या मोडक्या लॅटिनमध्ये बोलला, चार्ल्स जर्मनमध्ये. आपला माणूस काय बोलला हे कळून उपयोग नसतो, समोरचा काय बोलला हे कळायला हवं, हे दोघांनाही ठाऊक होतं. निथार्ड नावाच्या त्यांच्याच आतेभावानं ती वाक्यं जशीच्या तशी टिपून ठेवली. त्याच्या ग्रंथाचं जुनं हस्तलिखित पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. लुई जी भाषा बोलला, ती फ्रेंचचा सगळ्यात जुना लेखी नमुना मानतात. म्हणजे या भाषेची पाटीपूजा झाली ती वाटणीच्या भांडणात. पुढच्याच वर्षी, ८४३ मध्ये, व्हर्दंला रीतसर वाटणीपत्र झालं.

मला या शपथेचं कौतुक वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. लुई म्हणतो, देव ‘मला’ जेवढं ज्ञान आणि बळ देईल तेवढं वापरून मी या माझ्या भावाला राखीन, त्याला मदत करीन. आणि पुढं जोडतो, मात्र त्यानंही ‘मला’ तसंच वागवलं पाहिजे. ही शेवटची अट वाचून मला आमचे दोन काका आठवले. पण मुद्दा तो नाही. मुद्दा हा की, फ्रेंच भाषेच्या पहिल्या कागदावर ‘मला’ दोनदा हजर आहे. एकदा ‘मे’ आणि एकदा ‘मि’. देव ‘मला देतो’ या ठिकाणी तो क्रियापदाच्या बरोबर पुढं, आजच्या जागेवर बसला आहे. त्याच कागदावर ‘मदत’ हाही शब्द आहे, ‘आयुधा’ असा काहीतरी लिहिलेला. शस्त्राशी त्याचा संबंध नाही. आजच्या ‘एद’ या शब्दाचा तो पणजोबा. ‘मला’ आणि ‘मदत’ हे दोन शब्द आपल्याला पुढं पुन्हा एकत्र भेटणार आहेत.

त्याच्याही मागं गेलं की लॅटिन. तिथं ‘मला’साठी दोन रूपं होती, ‘मे’ आणि ‘मिही’. फ्रेंचनं ‘मिही’ टाकून दिलं आणि एकट्या ‘मे’वर संसार केला. पण या ‘मे’ला जुळं झालं. जिथं शब्दावर जोर नव्हता तिथं तो झिजून ‘म’ झाला. जिथं जोर होता तिथं अंग धरून ‘मेइ’, ‘मोइ’, ‘म्वे’ करत शेवटी ‘म्वा’ झाला. भाऊ एकाच आईचे. पण एक खुर्चीवर बसतो आणि दुसऱ्याला कोणाच्या तरी मांडीवरच बसावं लागतं. ‘कोण आहे?’ असं दाराआडून विचारलं तर ‘म्वा’ म्हणता येतं. नुसतं ‘म’ म्हटलं तर आतला माणूस उचकी लागली असं समजून पाणी आणील.

‘म्वा’ पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला आमच्या गावचा गडी आठवला होता. काही फुटलं की तो म्हणायचा, ‘म्या न्हाई क्येलं.’ तेव्हा हसलो होतो. पण हा ‘म्या’ म्हणजे संस्कृतातला ‘मया’, कवितेतला ‘मज’ म्हणजे ‘मह्यम्’ आणि लॅटिनचा ‘मिही’ त्या ‘मह्यम्’चा सख्खा चुलत. सगळं घराणं एकच. हे पहिल्यांदा ज्यांच्या लक्षात आलं त्यांत पाँडिचेरीजवळ राहणारे एक फ्रेंच पाद्री होते, फादर कर्दू. त्यांनी १७६७ साली संस्कृत, लॅटिन आणि ग्रीक यांच्या नात्याविषयी पॅरिसच्या विद्वत्सभेला सविस्तर लिहून पाठवलं. कलकत्त्याला सर विल्यम जोन्स यांनी तीच गोष्ट १७८६ साली भाषणात सांगितली आणि नाव त्यांचं झालं. फादरसाहेबांचं लिखाण छापून आलं १८०८ साली. म्हणजे एक्केचाळीस वर्षं प्रकरण टेबलावर. सरकारी कचेऱ्यांना उगाच नावं ठेवतात लोक.

आता जी.आर.कडे येतो. ‘मला’ कधी पुढं, कधी मागं, हे का? याचं उत्तर मला फ्रेंचच्या पुस्तकात सापडायच्या आधी घरातच सापडलं, आणि तेही श्रावणात. शेजारी लघुरुद्र होता. गुरुजी चमक म्हणत होते. अकरा अनुवाकांच्या या मागणीपत्रात तांदूळ, जव, उडीद, तीळ, मूग, गहू, मसूर इथपासून भक्त देवाकडे सगळं मागतो आणि प्रत्येक जिनसेनंतर ‘च मे’ म्हणतो. ‘आणि मला’, ‘आणि मला’, ‘आणि मला’. म्हणून तर त्याला चमक म्हणतात. लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या दिवशी कान टवकारले. या ‘मे’ला गुरुजी एकदाही पहिल्यांदा म्हणत नव्हते. आधी जिन्नस, मग ‘च’, मग ‘मे’.

प्रसादाच्या वेळी मी गुरुजींना विचारलं. ते म्हणाले, ‘पाणिनीचाच नियम आहे. मे, मा, नः ही लघुरूपं वाक्याच्या किंवा चरणाच्या आरंभी येत नाहीत. त्यांना आधी कोणीतरी लागतं.’ असं म्हणून त्यांनी आणखी थोडा शिरा घेतला. अष्टाध्यायीच्या आठव्या अध्यायात हे सगळं आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीचं.

आणि तोच नियम, वाचकहो, जुन्या फ्रेंचमध्ये! अंगात जोर नसलेला ‘म’ वाक्याच्या तोंडाशी उभा राहू शकत नव्हता. आधी कर्ता असो, ‘नाही’ असो, ‘आणि’ असो, कोणीतरी पुढं उभं हवं. तसं कोणी असेल तर ‘म’ त्याच्यामागं, क्रियापदाच्या पुढ्यात बसायचा. कोणीच नसेल आणि वाक्य क्रियापदानंच सुरू होत असेल, तर बिचारा क्रियापदाच्या मागं जायचा. लाजरं पोर पाहुण्यांसमोर येताना कोणाचा तरी पदर धरतं, तसं. टोब्लर आणि मुसाफिया या दोन पंडितांनी एकोणिसाव्या शतकात रोमान्स भाषांतला हा नियम मांडला. वाकरनागेल या स्विस पंडितानं १८९२ साली संस्कृत, ग्रीक, लॅटिन सगळ्यांची लाजरी पोरं एकत्र करून दाखवली.

पुढं फ्रेंचमध्ये हा नियम मोडीत निघाला. पण आज्ञार्थात तो अडकून राहिला, कारण आज्ञा क्रियापदानंच सुरू होते. ‘पाहा’ म्हटल्यावर ‘मला’ मागंच जाणार. आणि वाक्याच्या शेवटी जोर येत असल्यामुळे तिथं मांडीवरचा ‘म’ चालत नाही, खुर्चीवरचा ‘म्वा’ लागतो. ‘पाहू नका’ म्हटलं की पुढं ‘न’ उभा राहतो. मग पदर मिळाला! ‘म’ आपल्या जुन्या जागी परत. सतराव्या शतकातही ‘आणि’चा पदर चालत असे. कवी ब्वालोनं १६७४ मध्ये, कविता पुन्हा पुन्हा घासूनपुसून घ्या असा उपदेश करताना, एकाच ओळीत पहिल्या आज्ञेला सर्वनाम मागं जोडलं आणि ‘आणि’ नंतरच्या दुसऱ्या आज्ञेला पुढं. आज शाळेतल्या पोरानं तसं लिहिलं तर गुण जातील.

‘मला ते’ की ‘ते मला’ याचाही जुना कागद निघाला. जुन्या फ्रेंचमध्ये सरसकट ‘ते मला’ असाच क्रम होता. मग हळूहळू लोक उलटं बोलू लागले. १६४७ साली वोज्ला नावाच्या व्याकरणकारानं निकाल दिला की, ‘ते तुम्हांला’ असा जुन्या लेखकांचा क्रम चुकीचा, ‘तुम्हांला ते’ असंच म्हणावं. साध्या वाक्यांनी निकाल मानला. आज्ञार्थानं मानला नाही. ‘दे ते मला’ अजूनही जुन्याच क्रमानं चालतं. म्हणजे माझी अडचण अशी होती की, एका टेबलावर नवा जी.आर. लागू होता आणि शेजारच्या टेबलावर जुना. हे मला कोणी आधीच सांगितलं असतं तर मी एका क्षणात समजलो असतो. आमचा सगळा जन्म त्यातच गेला आहे.

या फ्रेंच व्याकरणकारांची जातच न्यारी. बूऊर नावाचे एक पंडित १७०२ साली वारले. मरणाच्या दारात ते म्हणाले म्हणे, ‘मी निघालो’. फ्रेंचमध्ये यालाही एक ‘म्’ लागतो, ‘झ मां व्हे’, मी मला इथून नेतो असं काहीसं. आणि मग म्हणाले, ‘किंवा झ मां व्हा. दोन्ही रूपं चालतात.’ आणि प्राण सोडला. ही गोष्ट कोणी वोज्लाच्या नावावरही सांगतात. त्यामुळे तिच्यावर फार विसंबू नये. पण आमच्या कचेरीतले एक हेडक्लार्क निवृत्तीच्या दिवशी निरोपाच्या भाषणातून उठून मानपत्रातलं शुद्धलेखन दुरुस्त करायला गेले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तशीच गोष्ट चौदाव्या लुईची. १६५५ साली, वय वर्षं सोळा असताना, तो पॅरिसच्या न्यायसभेत शिकारीच्या कपड्यांनिशी घुसला आणि म्हणाला, ‘राज्य म्हणजे म्वा!’ असं शाळेत आपण शिकलो. कागदोपत्री त्याचा काहीच पुरावा नाही. म्हणाला असलाच तर ‘म्वा’ म्हणाला नसणार, हे मात्र मी छातीठोकपणे सांगतो. त्या काळी दरबारी उच्चार ‘म्वे’ असा होता. ‘म्वा’ हा पॅरिसच्या सामान्य लोकांचा. १७८९ ची क्रांती झाली, राजाचं डोकं गेलं, दरबार गेला, आणि त्यांच्याबरोबर ‘म्वे’ही गेला. क्वेबेकच्या लोकांनी मात्र तो आधीच बोटीतून पलीकडे नेला होता. तिथं बोलण्यात अजून ‘म्वे’ ऐकू येतो. वर्गातल्या जोडप्याला मी हे सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, ‘म्हणजे काका, आम्ही दोन्ही शिकायचे?’ मी म्हटलं, ‘दोन्ही रूपं चालतात.’

मोल्येरच्या एका नाटकात ‘मला’ची जागा फार सुरेख दाखवली आहे. १६७० सालचं नाटक. नव्यानं पैसा आलेल्या एका शेटजींना एका उमराव बाईला चिठ्ठी पाठवायची आहे. आपले डोळे मला प्रेमानं मारताहेत, एवढाच मजकूर. तत्त्वज्ञानाचे मास्तर त्याला तेच शब्द उलटेपालटे करून एकामागून एक वाक्यं करून देतात. डोळे पुढं, डोळे मागं, प्रेम पुढं, मरण पुढं. सगळे शब्द पत्त्यांसारखे पिसलेले. पण नीट पाहावं: या सगळ्या पिसाऱ्यात ‘मला’ आणि त्याचं क्रियापद यांची जोडी एकदाही फुटत नाही. जिथं क्रियापद जाईल तिथं त्याच्या पुढ्यात ‘म’. मोल्येरनं हसवायसाठी भाषेचे सगळे हातपाय मोडले, पण हा एक सांधा त्याच्यानं निखळला नाही. आपल्याकडे ‘मला आंबा दे’, ‘दे मला आंबा’, ‘आंबा दे मला’, काहीही करा, आंबा मिळतो.

आणखी एक भानगड कवी मारोनं सोळाव्या शतकात इटालियनच्या नादानं पक्की केली. ‘त्यानं मला पाहिलं’ यात हा ‘मला’ पुरुष आहे की बाई, हे ‘पाहिलं’ लिहिताना दाखवायचं. बाई असेल तर शेवटी एक जादा अक्षर. ते उच्चारात नाही, नुसतं कागदावर. व्होल्तेरच्या नावावर असं सांगतात की, मारोनं इटलीहून दोन गोष्टी आणल्या, एक वाईट रोग आणि दुसरा हा नियम, आणि दोहोंत नियमानं जास्त नुकसान केलं. वर्गात श्रुतलेखनात मी स्वतःला सलग तीनदा बाई केलं. मॅडम काही बोलल्या नाहीत. हॉटेल मॅनेजमेंटवाले बोलले.

आता ती दुसरी भेट. १९२० नंतरची गोष्ट. लंडनच्या क्रॉयडन विमानतळावर मॉकफर्ड नावाचे बिनतारी खात्याचे एक अधिकारी होते. विमानात नुकताच बोलका रेडिओ आला होता. संकटात सापडलेल्या वैमानिकानं काय ओरडावं, असा प्रश्न पडला. तारेवरचा ‘एस.ओ.एस.’ बोलण्यात नीट ऐकू येईना, ‘एस’ हे अक्षर खरखरीत हरवायचं. क्रॉयडनची बरीचशी वाहतूक पॅरिसच्या ल बूर्जे विमानतळाशी. म्हणून मॉकफर्डनी दोन्ही बाजूंना कळेल असा शब्द सुचवला, ‘मेडे’. फ्रेंच ‘मेदे’वरून: ‘मला मदत’. १९२७ साली वॉशिंग्टनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आज जगातला कुठलाही वैमानिक किंवा जहाजाचा कप्तान, मग तो जपानी असो, ब्राझीलचा असो की आपल्या रत्नागिरीचा, जीव धोक्यात आला की तीनदा फ्रेंच बोलतो. ८४२ साली एका शपथेत भेटलेले ‘मला’ आणि ‘मदत’ एक हजार ऐंशी वर्षांनी असे आकाशात भेटले.

आणि ते व्याकरणात चुकीचं आहे! ‘मला मदत करा’ ही आज्ञा. आज्ञेत ‘मला’ मागं. म्हणजे ‘एदे म्वा’ हवं. ‘मेदे’ हे ‘या मला मदत करायला’ यातलं नुसतं शेपूट, किंवा सरळ चूक. मॅडमना मी विचारलं, विमान पडताना कोणी ‘मेदे’ असं ओरडलं तर तुम्ही काय कराल? त्या म्हणाल्या, ‘आधी वाचवीन काका, मग दुरुस्त करीन.’ ही मुलगी चांगली शिक्षिका होणार.

या सगळ्या संशोधनात मूळ काम मागं पडलं होतं. मीराला एक वाक्य बोलायचं होतं. शनिवार जवळ आला होता. मी वही घेऊन बसलो. ‘मला तुझी फार आठवण येते.’ फ्रेंचमध्ये त्याला ‘मांके’ असं क्रियापद आहे, एवढं मला कोशात सापडलं. उरलेलं मी जुळवलं. मी आठवण काढणारा, म्हणजे कर्ता मी. तुझी काढतो, म्हणजे कर्म तू. ‘मी’, मग क्रियापदाच्या पुढ्यात ‘तुला’, मग क्रियापद. ‘झ त मांक’. सर्वनामाची जागा एकदम बिनचूक. दहा वेळा आरशासमोर म्हटलं. आमची ही म्हणाली, ‘कोणाला मंक म्हणताय?’

शनिवारी पडद्यावर मीरा आली. ‘आजोबा!’ मी हसलो नाही. घसा साफ केला आणि म्हणालो, ‘मीरा, झ त मांक.’

ती गप्प झाली. एकदा आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. आणि अगदी हळू म्हणाली, ‘उइ, आजोबा.’ सूनबाई तोंड फिरवून काहीतरी शोधायला लागल्या. मला वाटलं, उच्चार जमला.

मंगळवारी वर्गात मी ऐटीत ही हकिकत सांगितली. मॅडम खडू हातात धरून उभ्याच राहिल्या. ‘काका, मांके उलटं चालतं. जो जवळ नसतो तो कर्ता. आपण म्हणतो ना, जेवणात मीठ उणं आहे, तसं. तुम्हांला म्हणायचं होतं, तू मला उणी आहेस. त्यु म मांक. तुम्ही म्हणालात, मी तुला उणा आहे.’

‘म्हणजे?’

‘म्हणजे तुम्ही तिला सांगितलंत की तिला तुमची आठवण येते.’

वर्ग हसला. मी हसलो नाही, कारण मला तिचं ‘उइ’ आठवत होतं.

पुढच्या शनिवारी मी नीट म्हटलं, ‘त्यु म मांक.’ मीरा लगेच म्हणाली, ‘त्वा ओसी.’ त्वा म्हणजे तू आणि ओसी म्हणजे सुद्धा. ‘तूसुद्धा.’ मी जरा बिचकलो. मला वाटलं, ‘मीसुद्धा’ म्हणायला हवं होतं पोरीनं. मग बोटांवर कर्ता आणि कर्म मोजले. ‘तूसुद्धा’, आणि पुढचं ‘मला उणा आहेस’ हे तिनं गाळलं होतं. माझं मोजून होईपर्यंत तिनं तोंड उघडून, ओठ वर करून, पडलेल्या दाताची जागा दाखवायला सुरुवात केली होती.